पीअर-टू-पीअर आणि विकेंद्रित वेबवर संशोधन करायचंय? बडोद्याच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलाभवनातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी, बीसीए-एमसीएची मुलंमुली आणि एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारे, यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पीअर-टू-पीअर म्हणजे टॉरेंटच ना?

टॉरेंट हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रकार. ज्या जाळ्यात एकच संगणक मागतोही आणि देतोही, ते पीअर-टू-पीअर. १९९९ साली आलेल्या नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. २००१मध्ये न्यायालयीन खटल्यातून ती यादी बंद पडली आणि सगळं जाळंच थांबलं. २००० साली आलेल्या नुटेलाने यादी काढूनच टाकली. प्रश्न शेजाऱ्याला विचारायचा, त्याने त्याच्या शेजाऱ्यांना, असं सात उड्यांपर्यंत. यादी गेली, पण नुसत्या प्रश्नांनीच वाहिन्या तुंबू लागल्या. या दोन टोकांमधून वाट काढणारी डिस्ट्रिब्युटेड हॅश टेबलची, म्हणजे डीएचटीची, कल्पना २००१-०२मध्ये आकाराला आली: यादी ठेवायची, पण तिचे तुकडे जाळ्यातल्या सगळ्या संगणकांत वाटून. बिटटोरेंटही २००१चंच.

बडोद्याचं उदाहरण घ्या. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, आणि मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या. पेटी गावात पोचली तरी ती भरणारं केंद्र एकच होतं. तांत्रिक भाषेत ही आजच्या सीडीएनसारखी, म्हणजे एकाच मालकाच्या मालाच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या जाळ्यासारखी, रचना झाली. गावांनी पेट्या परस्पर एकमेकांना दिल्या असत्या आणि कोणती पेटी कुठे आहे हेही गावांनीच मिळून लक्षात ठेवलं असतं, तर ते पीअर-टू-पीअर. यातलं अवघड काम दुसरं आहे. पेटी उचलून देणं सोपं, ती कुठे आहे ते सांगणं कठीण.

२. विकेंद्रित, वितरित, फेडरेटेड: हे सगळे एकच शब्द आहेत का?

नाहीत, आणि तोंडी परीक्षेत इथेच गाडी अडते. एखाद्या मोठ्या कंपनीची सेवा दहा देशांतल्या हजारो यंत्रांवर चालते तेव्हा ती वितरित असते, पण मालक एक असल्यामुळे विकेंद्रित नसते. ईमेल किंवा मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम फेडरेटेड आहेत: सर्व्हर अनेक, मालक अनेक, पण प्रत्येक माणूस कुठल्यातरी एका सर्व्हरच्या आसऱ्याला. मॅस्टोडॉन ज्या ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर चालतं त्याला वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २०१८मध्ये मानक म्हणून मान्यता दिली. पीअर-टू-पीअरमध्ये तो आसराही नसतो.

शब्दांवर वाद घालण्यापेक्षा एकच कसोटी लावा: कोणता एक घटक बंद पडला, किंवा ‘नाही’ म्हणाला, तर काय थांबेल? ज्या व्यवस्था स्वतःला विकेंद्रित म्हणवतात त्यांत हे केंद्र बहुतेक वेळा कुठेतरी लपलेलं असतं. ते शोधणं हाच या क्षेत्रातल्या चांगल्या संशोधनाचा गाभा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढची बरीच उत्तरं त्याच मुद्द्याकडे येतात.

३. प्रकल्पात ब्लॉकचेन घालायलाच हवी का? नाहीतर ‘ट्रेंडिंग’ वाटत नाही.

नको. एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनेकांना एकाच नोंदवहीच्या एकाच क्रमावर एकमत करायचं असेल, तेव्हाच ती लागते. फाईल वाटणं, गप्पा, दोघांनी मिळून लिहायची वही यांना सर्वमान्य क्रमाची गरज नसते. बिटकॉइनचा पूर्ण नोड (नोड म्हणजे जाळ्यातला एक संगणक) ठेवायला ५०० जीबीहून जास्त जागा लागते. छाटलेल्या, म्हणजे प्रून्ड, नोडला किमान ५५० एमबीची मर्यादा घालता येते, पण आधी सगळा इतिहास उतरवून तपासावाच लागतो. वसतिगृहाच्या जोडणीवर ते जमणार नाही.

४. मी तिसऱ्या वर्षाला आहे. किती गणित आणि किती प्रोग्रॅमिंग यायला हवं?

टीसीपी-यूडीपी, सॉकेट, हॅश फंक्शन, आणि संभाव्यतेतलं पहिल्या सत्राचं गणित एवढ्यावर सुरुवात होते. स्वतःचं प्रतिरूप लिहायला पायथॉन पुरतं. खऱ्या नेटवर्कशी जोडायचं असेल तर गो किंवा रस्ट शिका, कारण लिबपीटूपी या पीअर-टू-पीअर जोडणीच्या तयार लायब्ररीची परिपक्व रूपं त्या भाषांत आहेत.

तयारी तपासायची एक पद्धत अशी: कॅडेम्लिया या प्रसिद्ध डीएचटीतलं ‘अंतर’ हाताने काढून पाहा. दोन नोडचे क्रमांक १०१० आणि ०१११ घ्या. एक्सऑर केलं की ११०१ येतं, म्हणजे अंतर १३. अ पासून ब आणि ब पासून अ हे अंतर सारखंच का, आणि याचा मांडवी-अलकापुरी अशा रस्त्यावरच्या अंतराशी काहीच संबंध का नाही, हे शेजारच्या मित्राला समजावता आलं तर पुढे जा. दहा लाख नोडच्या जाळ्यात शोध साधारण २० टप्प्यांच्या आत का संपतो, हेही त्यातूनच उलगडतं: प्रत्येक टप्प्यात उरलेलं अंतर निदान अर्धं होतं, आणि २चा विसावा घात दहा लाखांच्या थोडा पुढे जातो.

५. सुरुवातीला कोणते निबंध वाचावेत? शेकडो सापडतात.

चार पुरेत, याच क्रमाने. पहिला, मेमुनकोव्ह आणि माझिएर यांचा कॅडेम्लियावरचा २००२चा. तो लहान आहे, दोनदा वाचा. दुसरा, डूसर यांचा त्याच वर्षीचा सिबिल हल्ल्यावरचा (प्रश्न १६). तिसरा, एडार आणि ह्युबरमन यांचा २०००चा: नुटेलातले जवळजवळ ७० टक्के लोक काहीच वाटत नव्हते, हे त्यांनी मोजून दाखवलं. चौथा, आयपीएफएसची, म्हणजे फाईल तिच्या हॅशवरून शोधणाऱ्या पीअर-टू-पीअर जाळ्याची, रचना आणि मोजमाप सांगणारा सिगकॉम परिषदेतला २०२२चा. मोजमापाचा प्रयोग कसा मांडावा हे त्यातून शिकायला मिळतं.

यूसनिक्सच्या परिषदांतले निबंध सगळ्यांना मोफत असतात. उरलेले बहुतेक लेखकांच्या स्वतःच्या पानांवर सापडतात. तरीही न मिळालेले हंसा मेहता ग्रंथालयात जाऊन विचारा. वाचताना वहीत तीनच गोष्टी उतरवा: काय मोजलं, कुठून मोजलं, आणि काय दिसणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या रकान्यात तुमचा विषय सापडेल.

६. गाईड म्हणतात विषय फार मोठा आहे. लहान कसा करू?

‘आयपीएफएसच्या कामगिरीचा अभ्यास’ हा विषय नव्हे, तो विभाग झाला. वाक्यात मोजायची राशी, जागा आणि तुलना या तिन्ही आल्या की विषय होतो. उदाहरणार्थ: ‘घरगुती फायबरवरच्या नोडवर ठेवलेली १ एमबीची फाईल पहिल्यांदा मिळवताना किती वेळ डीएचटीतल्या शोधात जातो, किती जोडणी होण्यात आणि किती प्रत्यक्ष उतरवण्यात?’ हे एका सत्रात होतं. तिन्ही वेळा वेगळे मोजता येतात आणि उत्तर काहीही आलं तरी लिहिण्याजोगं असतं.

बडोद्यात सुचणारा दुसरा विषय. नवरात्रात गरब्याच्या मोठ्या मैदानावर हजारोंच्या गर्दीत मोबाइल नेटवर्क मंदावतं. स्वयंसेवकांची एक सामायिक यादी आहे: हरवलेली मुलं, पाण्याची ठिकाणं, प्रथमोपचार. ती फोन-ते-फोन कशी पसरेल? इथे सीआरडीटी, म्हणजे कोणत्याही क्रमाने बदल आले तरी सगळीकडे शेवटी एकच रूप देणाऱ्या रचना, कामी येतात. ऑटोमर्ज आणि वायजेएस ही तयार साधनं आहेत. प्रश्न असा मांडा: १० फोन, त्यातले दोन-दोनच एका वेळी एकमेकांच्या टप्प्यात, एक नोंद सगळ्यांपर्यंत पोचायला किती भेटी लागतात? हा प्रयोग खोलीतल्या जुन्या फोनांवरही होतो, मैदानात जायची गरज शेवटच्या आठवड्यात.

एकच सूचना: ‘नवं नेटवर्क बनवतो’ हा विषय घेऊ नका. सहा महिने जोडणीतल्या चुका निस्तरण्यात जातात आणि मोजायला वेळच उरत नाही.

७. केंद्र नाही, तर नवा नोड पहिला शेजारी शोधतो कसा?

हा प्रश्न ज्याला पडला त्याला या क्षेत्राची नस सापडली. उत्तर असं की, पहिल्या वेळी कोणाला तरी विचारावंच लागतं. बिटकॉइनच्या प्रोग्रॅममध्ये काही डीएनएस नावं लिहून ठेवलेली असतात, आयपीएफएसमध्ये बूटस्ट्रॅप नोडचे पत्ते, टॉरेंटच्या डीएचटीतही तसेच काही ठरलेले दरवाजे. एकदा आत शिरलं की ओळखीचे पत्ते डिस्कवर साठवून ठेवता येतात आणि पुढच्या वेळी त्या दरवाजांची गरज भासू नये, अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा तपासता येते, आणि हा एक उत्तम छोटा प्रकल्प आहे. नोड २४ तास चालवा, बंद करा, फायरवॉलमध्ये बूटस्ट्रॅपचे पत्ते अडवा, आणि १ तास, १ दिवस, ३ दिवस, ७ दिवस असे थांबून पुन्हा सुरू करा. साठवलेल्या पत्त्यांपैकी किती अजून जिवंत आहेत आणि पहिला यशस्वी शोध किती सेकंदांत होतो, ते नोंदवा. तुलनेसाठी साठवण पुसून तेच पुन्हा. डीएनएसची नावं अडवायला विसरलात तर प्रयोग फसतो: पत्ता अडवलेला असतो, पण नावावरून दुसरा पत्ता मिळून नोड गुपचूप आत जातो. म्हणून वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या साधनात पहिल्या मिनिटाची पॅकेट नेहमी बघा.

८. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर किती नोड चालतील?

पायथॉनमध्ये प्रत्येक नोड वेगळी प्रोसेस केला तर एकाला साधारण २० ते ४० एमबी लागतात. १०० नोड आरामात चालतात. दोन-अडीचशेच्या पुढे स्वॅप सुरू होतो आणि मग तुमची वेळेची मोजमापं डिस्कचा वेग मोजू लागतात. एकाच प्रोसेसमध्ये असिंकआयओवर लिहिलं तर हजारभर नोड बसतात. मात्र लिनक्सवर एका प्रोसेसला बहुधा १०२४ उघड्या फायलींची मर्यादा असते आणि प्रत्येक सॉकेट त्यात धरलं जातं. हजाराच्या आसपास ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसलं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, यूलिमिट वाढवा. डॉकर वापरत असाल तर लिनक्सच्या एका ब्रिजला जास्तीत जास्त हजारभर कंटेनर जोडता येतात, पण त्याआधी रॅम संपेल.

पायऱ्या अशा: आधी ५ नोड, आणि प्रत्येकाचा राऊटिंग तक्ता कागदावरच्या हिशेबाशी जुळवा. मग ५०. मग विलंब घाला. शेवटी नोड मधूनच मारायला लागा.

विलंब घालणं सोडू नका. लॅपटॉपमधल्या अंतर्गत जोडणीवर पॅकेट मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात पोचतं, त्यामुळे कोणतंही वाईट अल्गोरिदम तिथे सुंदर दिसतं. लिनक्समधल्या नेटेमने ५० मिलिसेकंद विलंब आणि १ टक्का गळती घाला. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, अंतर्गत जोडणीवर विलंब जाताना आणि येताना दोन्ही वेळा लागतो, म्हणजे ५० घातले तर फेरी १००ची होते. दोन, विलंबात चढउतार ठेवला की पॅकेटांचा क्रमही बदलतो, आणि टीसीपीचा वेग त्यामुळे पडतो. दोष तुमच्या प्रोटोकॉलला लागतो. तीन, नेटेमची रांग मुळात १००० पॅकेटांची असते. विलंब मोठा आणि वेग जास्त असेल तर ती भरते आणि तुम्ही न सांगितलेली गळती सुरू होते.

९. सिम्युलेटर वापरू की खरं नेटवर्क?

हजारोंच्या वर नोड हवे असतील तर सिम्युलेटर. पीअरसिम जावात आहे आणि शिकायला हलकं, एनएस-३ पॅकेटच्या पातळीवर अचूक पण जड. शॅडोमध्ये खरा प्रोग्रॅम जसाच्या तसा कृत्रिम नेटवर्कवर चालवता येतो. सिम्युलेटरमध्ये नॅट (अनेक उपकरणांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारी सोय), फायरवॉल आणि मधूनच लॅपटॉप मिटणारी माणसं नसतात, ती तुम्हाला घालावी लागतात. कोणतंही वापरा, यादृच्छिक संख्यांचं बीज निकालाबरोबर लिहून ठेवा. त्याशिवाय चुकलेला प्रयोग पुन्हा तसाच घडवता येत नाही.

१०. वसतिगृहाच्या वायफायवर माझा नोड मित्राच्या नोडला दिसतच नाही. दोघं एकाच खोलीत आहोत!

बहुधा ॲक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन चालू आहे. अनेक संस्था सुरक्षेसाठी ते चालू ठेवतात: प्रत्येक उपकरण इंटरनेटशी बोलू शकतं, शेजारच्या उपकरणाशी नाही. तपासायला एकमेकांना पिंग करा. पिंग जात नसेल तर आधी दोन्ही लॅपटॉपच्या फायरवॉल बघा (विंडोज नव्या वायफायला ‘पब्लिक’ मानून पिंग अडवतं). त्या मोकळ्या असूनही जात नसेल तर आयसोलेशन आहे असं समजा.

पिंग जातं, पण नोड आपोआप सापडत नाहीत? मग मल्टिकास्ट अडवलेलं आहे. स्थानिक शोध एमडीएनएसने होतो, म्हणजे २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर. अशा वेळी पत्ता हाताने द्या.

उपाय साधे आहेत. एक फोन हॉटस्पॉट करून दोन्ही लॅपटॉप त्यावर आणा. डेटा खर्च नको असेल तर मोबाइल डेटा बंद ठेवा, हॉटस्पॉट बहुतेक फोनवर तसाही चालतो. किंवा एक साधा राऊटर घ्या आणि इंटरनेट न जोडता त्याचंच जाळं करा. संस्थेच्या नेटवर्कमध्ये आडमार्गाने काही बदलायला जाऊ नका. प्रकल्पाचं पत्र घेऊन नेटवर्क विभागाला भेटा आणि नेमके पोर्ट क्रमांक लिहून द्या. ‘सगळं उघडा’ असं मागितलं की नकार येतो.

११. घरी फायबर आहे, पोर्ट फॉरवर्डिंगही केलं. तरी बाहेरून कोणी जोडू शकत नाही.

राऊटरच्या पानावर वॅन पत्ता, म्हणजे राऊटरला सेवादात्याकडून मिळालेला पत्ता, बघा आणि बाहेरच्या एखाद्या साईटवर दिसणारा तुमचा पत्ता बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. हा पट्टा २०१२मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही सेवादाते १० ने सुरू होणारे पत्तेही देतात. तुम्ही फॉरवर्ड केलेलं दार घराचं आहे, सोसायटीचं फाटक बंदच आहे.

पुढे तीन वाटा. पहिली, आयपीव्ही६. तुमच्या जोडणीवर ते असेल तर प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो. फक्त राऊटरची आयपीव्ही६ फायरवॉल आत येणारं अडवते, तिथे एक नियम घालावा लागतो. दुसरी, होल पंचिंग: दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बाहेर पॅकेट पाठवून नॅटमध्ये वाट पाडणं. नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवा पोर्ट देत असेल, म्हणजे सिमेट्रिक असेल, तर हे सहसा जमत नाही. जमलं तरी वाट उघडी ठेवायला दर २०-२५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवत राहा, कारण अनेक राऊटर शांत यूडीपी जोडणी अर्ध्या मिनिटात विसरतात. तिसरी वाट रिले, म्हणजे मध्ये तिसरा नोड. लिबपीटूपीच्या रिलेची मूळ मर्यादा एका जोडणीला २ मिनिटं आणि १२८ केबी आहे. ‘छोटा संदेश जातो, फोटो अर्ध्यात तुटतो’ ही तक्रार हमखास यामुळे असते. रिले ओळख करून देण्यासाठी आहे, माल वाहण्यासाठी नाही.

आणि प्रश्न २ची कसोटी इथे लावा: ज्या जाळ्यातले बहुसंख्य नोड घरच्या नॅटमागे आहेत, तिथे खरा भार भाड्याच्या क्लाउड यंत्रांवर पडतो. ती यंत्रं किती कंपन्यांची आहेत, हे मोजण्यासारखं आहे.

१२. आयपीएफएसवर फाईल टाकली, दुसऱ्या दिवशी उघडेना. कायमची राहते असं ऐकलं होतं!

टाकली असं वाटतं, पण ती तुमच्याच लॅपटॉपवर असते. जाळ्यात गेली ती फक्त ‘अमुक हॅशची वस्तू या नोडकडे आहे’ ही चिठ्ठी. कुबो या प्रचलित प्रोग्रॅममध्ये ही चिठ्ठी ४८ तासांत शिळी होते, म्हणून नोड ती दर २२ तासांनी नव्याने लावतो. लॅपटॉप मिटलात की चिठ्ठी काही काळ राहते, माल मिळत नाही. म्हणूनच मित्राला ‘सापडत नाही’ असं चटकन उत्तर न येता नुसतं चक्र फिरताना दिसतं.

आदल्या दिवशी उघडली होती कारण ती गेटवेच्या तात्पुरत्या साठ्यातून आली असावी. गेटवे हा आयपीएफएसमधला माल ब्राउझरला दाखवणारा साधा वेब सर्व्हर आहे, आणि ब्राउझरमधून तिथूनच पाहणारा माणूस विकेंद्रित जाळं वापरतच नसतो. प्रयोगात गेटवेवरून घेतलेले वेळ आणि स्वतःच्या नोडवरून घेतलेले वेळ एकाच तक्त्यात कधीही मिसळू नका.

फाईल टिकवायची तर सतत चालू असलेल्या निदान दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या नोडवर ती पिन करा, म्हणजे ‘ही ठेवायची’ अशी खूण करा. पिन न केलेला, दुसऱ्याकडून आलेला माल साफसफाईत उडतो. दुसऱ्या मित्राने तीच फाईल घालूनही वेगळा पत्ता आला तर घाबरू नका: तुकड्याचा आकार किंवा पत्त्याची आवृत्ती बदलली की सीआयडी, म्हणजे हॅशवरून बनलेला हा पत्ता, बदलतो. दोघांची मांडणी सारखी करा. तीही सारखी असेल आणि मजकूर मराठी असेल, तर पुढचा प्रश्न वाचा.

१३. एकच मराठी मजकूर, दिसायला अगदी सारखा, पण हॅश वेगळा. असं कसं?

हा आपल्या लिपीचा खास सापळा आहे, आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तो सापडत नाही. ‘वडोदऱ्यात’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. पडद्यावर फरक शून्य. यूटीएफ-८मध्ये पहिला ३ बाइटचा, दुसरा ६चा. हॅशला बाइट दिसतात, अक्षर नाही.

एनएफसी हे युनिकोडचं प्रमाणीकरण केलं की हे दोन एक होतात. पण ‘ऱ्या’ लिहायची तिसरी पद्धत उरते: साधा र, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य शून्य-रुंदीचा जोडक. काही कळफलक अशीच चिन्हं उमटवतात. एनएफसी याला हात लावत नाही, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. त्यात ओळ संपवण्याच्या विंडोज आणि लिनक्सच्या वेगवेगळ्या पद्धती, आणि फाईलच्या सुरुवातीला नोटपॅड कधी घालतं ते तीन बाइटचं चिन्ह. या सगळ्याची साफसफाई हॅश काढण्याआधी करायची, नंतर नाही.

जुन्या मराठी मजकुराचा विकेंद्रित साठा करण्याची कल्पना अनेकांना सुचते. बडोद्यात ती सुचणं साहजिकच आहे. मग मूळ स्कॅन जसाच्या तसा एका हॅशवर ठेवा आणि प्रमाणित मजकूर दुसऱ्या. मूळ फाईल ‘सुधारून’ तिच्या जागी दुसरी ठेवू नका. आपल्या लिखाणात एकाच शब्दाचे किती बाइट-भेद आढळतात, हा स्वतंत्र आणि फार उपयोगी अभ्यास होईल.

१४. क्रॉलर (नोडमागून नोडला त्याचे शेजारी विचारत जाळं मोजणारा प्रोग्रॅम) चालवला की दर वेळी नोडची संख्या वेगळी येते. कोड चुकलाय का?

बहुधा नाही. क्रॉल चालू असतानाच नोड येतात-जातात, त्याला चर्न म्हणतात. क्रॉल जितका लांबतो तितके ‘आता नसलेले’ नोड मोजले जातात. वेळ कमी ठेवा आणि प्रत्येक आकड्याबरोबर क्रॉलला लागलेला वेळ लिहा. शिवाय आयपीएफएसच्या डीएचटीत फक्त बाहेरून पोचता येणारे नोड सर्व्हर म्हणून दिसतात. नॅटमागचे दिसत नाहीत. म्हणून ‘जाळ्यात इतके नोड आहेत’ असं न लिहिता ‘पोचता येणारे इतके दिसले’ असं लिहा. पीअर क्रमांक, पत्ता आणि माणूस या तीन वेगळ्या मोजण्या आहेत.

नोड सरासरी किती वेळ टिकतो हे काढताना आणखी एक चूक होते. २४ तास पाहणी केली आणि सुरुवात-शेवट दोन्ही दिसलेलीच सत्रं धरली, तर लांब सत्रं आपोआप गळतात आणि जाळं आहे त्याहून चंचल दिसतं. उपाय: ४८ तास पाहा, पण पहिल्या २४ तासांत सुरू झालेलीच सत्रं धरा. मग २४ तासांपर्यंतच्या सगळ्या सत्रांना सारखी संधी मिळते. त्याहून लांब सत्रं ‘२४ तासांपेक्षा जास्त’ एवढीच नोंदवा.

वेळांची सरासरी देऊ नका. एखादा शोध कालमर्यादेत अडकला की ती फुगते. मध्यक आणि ९५वा शततमक द्या.

१५. क्रॉलमध्ये लोकांचे आयपी पत्ते जमा होतात. हे चालतं का?

पत्ते उघड दिसतात म्हणून साठवून ठेवायची मोकळीक मिळत नाही. पहिलं क्रॉल करण्यापूर्वी गाईडकडून लेखी संमती घ्या आणि काय, किती दिवस ठेवणार ते लिहा.

पत्त्याचा नुसता हॅश काढून ठेवला की ओळख लपली, हा गैरसमज सर्वत्र आहे. आयपीव्ही४चे पत्तेच मुळी ४२९ कोटींच्या आसपास. साधा लॅपटॉपही त्या सगळ्यांचे हॅश काढून मूळ पत्ता शोधू शकतो. म्हणून गुप्त किल्ली घातलेला हॅश, म्हणजे एचमॅक, वापरा आणि काम संपल्यावर किल्ली नष्ट करा. देश किंवा सेवादाता एवढंच हवं असेल तर तेवढं काढून पत्ता लगेच टाकून द्या. एकाच नोडला सेकंदाला अनेक प्रश्न विचारू नका. पलीकडे कोणाच्या तरी घरचा मोजका डेटा असू शकतो.

१६. सिबिल हल्ला करून पाहिला तर चालेल का?

स्वतःच्या बंद जाळ्यात जरूर करा, खऱ्या जाळ्यावर नाही. सिबिल म्हणजे एकाच माणसाने शेकडो नोड असल्याचं भासवणं. ओळखपत्र देणारं केंद्र नसेल तर हे पूर्ण थांबवता येत नाही, असं डूसर यांनी २००२मध्ये दाखवलं. आता फक्त किंमत वाढवता येते.

प्रश्न ८मधल्या मांडणीत १०० प्रामाणिक नोड घ्या, एक किल्ली (इथे म्हणजे शोधायच्या वस्तूचा क्रमांक) निवडा, आणि तिच्या अगदी जवळचे क्रमांक असलेले ५, १०, २० खोटे नोड घाला. किल्लीचा शोध किती वेळा फसतो ते पाहा. मूळ कॅडेम्लियात एक किल्ली जवळच्या २० नोडवर ठेवतात, म्हणून २०च्या आसपास काय होतं त्याकडे लक्ष द्या. मग खोटे नोड उशिरा आणा. भरलेल्या यादीत कॅडेम्लिया जिवंत असलेल्या जुन्या शेजाऱ्यालाच ठेवतं, कारण बराच वेळ टिकलेला नोड पुढेही टिकण्याची शक्यता जास्त असते. तो नियम इथे किती वाचवतो आणि कुठे अपुरा पडतो, यात एक पूर्ण प्रकरण लिहून होतं.

१७. चुकून वैयक्तिक कागद जाळ्यात गेला. पुसता येईल का?

ताबडतोब स्वतःच्या नोडवरून पिन काढा, साफसफाई चालवा, नोड बंद करा. कोणी अजून घेतला नसेल तर तो गेला. घेतला असेल तर परत बोलावण्याची सोय नाही. हे टाळायचं तर कूटबद्ध करून मगच ठेवा. किल्ली नष्ट केली की मजकूर निरुपयोगी होतो. चाचणीसाठी आधार कार्ड किंवा गुणपत्रिका कधीच वापरू नका, यादृच्छिक बाइटची फाईल तयार करा.

१८. प्रकल्पासाठी टॉरेंट वापरलं तर कायद्याचा त्रास होईल का?

तंत्र बेकायदेशीर नाही. कॉपीराइट असलेला माल परवानगीशिवाय वाटणं बेकायदेशीर आहे, आणि टॉरेंटमध्ये उतरवता उतरवताच तुम्ही वाटतही असता, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लिनक्सच्या आयएसओ फायली किंवा स्वतः बनवलेली फाईल घ्या. संस्थेचा नियम मात्र तंत्रावरच बंदी घालणारा असू शकतो, तो आधी वाचा. परवानगी मागण्याची पद्धत प्रश्न १०मध्ये आहे. बंद जाळ्यात स्वतःचा ट्रॅकर, म्हणजे पीअरना एकमेकांचे पत्ते सांगणारा सर्व्हर, लावला तर हा प्रश्नच येत नाही, आणि दर १० सेकंदांनी कोणाला द्यायचं ते ठरवणारी, दर ३० सेकंदांनी एखाद्या अनोळखी पीअरला संधी देणारी देवघेव तिथे जास्त स्वच्छ दिसते.

१९. निकाल आला तो असा की काहीच फरक पडत नाही. प्रकल्प वाया गेला?

आधी खात्री करा की फरक असता तर तुमच्या मांडणीत तो दिसला असता. मुद्दाम मोठा बिघाड घाला, उदाहरणार्थ अर्धे नोड एकदम मारा, आणि मोजमाप हलतं का पाहा. हललं नाही तर मांडणीत दोष आहे. हललं, तर ‘फरक नाही’ हाच तुमचा निकाल. प्रत्येक मांडणीच्या निदान ३० फेऱ्या, वेगवेगळ्या बीजांवर, आणि सगळ्या कच्च्या नोंदी प्रबंधाबरोबर द्या. पुढच्या वर्षीची तुकडी तिथून सुरू करेल.